बहुधा चालू

गाडी बंद पडली तेव्हा सिस्टरने घड्याळ पाहिलं नाही. तशी गरजच नव्हती. साडेआठला निघायचं ठरवून सव्वादहाला निघालेल्या माणसांची गाडी अकराच्या सुमारास बंद पडते, हे बावीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. आधी इंजिनाने एक आचका दिला, मग आणखी दोन. मागच्या नळीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि फरशांच्या एका बंद गोदामासमोर, रस्त्याच्या कडेला, गाडी अलगद जाऊन थांबली. इतकी अलगद, की ही जागा तिने घरून निघतानाच हेरून ठेवली असावी.

"थांबली," नवरा म्हणाला.

"असं का? मला वाटलं आपण पोचलो."

नवऱ्याने चष्मा काढून पुसला. उत्तर सुचलं नाही की तो चष्मा पुसायचा, आणि लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली तरी त्याच्या चष्म्यावर कधी डाग राहिला नव्हता.

सिस्टर सरकारी दवाखान्यात मुख्य परिचारिका होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खी इमारत तिला सिस्टरच म्हणायची. नवऱ्याची नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. बोलणं कमी, वाचणं फार, आणि कुठलंही वाक्य 'बहुधा'ने सुरू करून 'असं मला वाटतं, पण खात्री नाही'ने संपवायचं. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ गेल्यावर ती याच्याकडे आली आणि हा तिला 'बाईसाहेब' म्हणू लागला. "या घरात दोन बाईसाहेब नांदणार नाहीत," असं सिस्टरने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. नांदल्या मात्र दोघी. बाईसाहेबांपायी सिस्टर भाचीच्या साखरपुड्याला जेवणं उरकल्यावर पोचली होती, आणि स्वतःच्या निरोप समारंभाला भाजीच्या टेम्पोत कोबीच्या पोत्यांवर बसून गेली होती. हार घालणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिच्या खांद्यावरचं पान हळूच उचलून टाकलं, ते ती अजून विसरली नव्हती.

आज तर शेवटचाच दिवस होता. जुन्या गाड्यांची तपासणी दुपारी एकला बंद होणार होती. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: वाहन स्वतःच्या चाकांवर चालत आलं पाहिजे, ओढून आणलेलं वाहन तपासलं जाणार नाही, आणि तपासणी न झालेल्या वाहनाचं नाव यादीतून कमी होऊन ते भंगारात जाईल. पत्र आलं त्या दिवशी नवराबायकोत करार झाला होता. पास झाली तर सिस्टर पुढे चकार शब्द काढणार नाही. नापास झाली, किंवा पोचलीच नाही, तर नवरा चकार शब्द काढणार नाही, आणि दारातल्या जागेवर एक साधी, लहान, किल्ली फिरवली की चालू होणारी गाडी येईल.

"किती राहिलं?" सिस्टरने विचारलं.

"बहुधा सात किलोमीटर. किंवा आठ."

त्याने बॉनेट उघडलं. सिस्टरही उतरली, कारण तिच्याशिवाय फोन कोण धरणार? फोन मिस्त्रींना लावायचा होता. बाईसाहेबांची नाडी जगात फक्त मिस्त्रींना कळायची, आणि मिस्त्री नेमके डोळ्याचं ऑपरेशन करून दवाखान्यात पट्टी बांधून पडले होते.

"बोला वहिनी," मिस्त्री खाटेवरून म्हणाले. "कुठे बसली?"

"गोदामासमोर. आचके दिले, फटाका वाजवला आणि बसली."

"साहेबांना सांगा, एक प्लग काढून बॉडीला टेकवून धरा. तुम्ही सेल्फ मारा. ठिणगी बघा."

सिस्टरने आत बसून किल्ली फिरवली. नवऱ्याने प्लग धरला, झटका खाल्ला, सॉरी म्हणाला. कोणाला ते कळलं नाही, बहुधा प्लगला.

"ठिणगी आहे," त्याने सांगितलं.

"रंग विचारा वहिनी! निळी की पिवळी?"

"पिवळी," सिस्टर खिडकीतून मान काढून म्हणाली. "आणि चार दिवस जेवली नसल्यासारखी."

"मग कंडेन्सर गेला. गरम झाला की दगा देतोच. बदलून टाका, दहा मिनिटांचं काम. स्पेअर आहे ना?"

"आहे, आहे," नवरा उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला. "म्हणजे, असावा."

तेवढ्यात फोनमधून नर्सचा करडा आवाज आला. "आजोबा, हालचाल करायची नाही सांगितलं होतं ना? ठेवा तो फोन." आणि फोन बंद झाला. सिस्टरने भुवया उंचावल्या. असल्या आवाजात तिने चौतीस वर्षं लोकांना गप्प केलं होतं. समोरून तो कसा लागतो, ते आज कळलं.

नवऱ्याने डिकी उघडली.

या डिकीत एका वेळी माणसाचं सामान आणि गाडीचं सामान कधीच मावलं नाही. कुठेही जायचं तर कपड्यांची बॅग मांडीवर. डिकीत पाण्याचे दोन डबे, दोरखंड, फॅन बेल्ट, रबरी नळ्या, तारेचं भेंडोळं, फ्यूज, बल्ब, चाकाला लावायच्या दोन विटा, आणि पेट्रोलची टाकी गळाली तर भोकावर घासायला कपड्याच्या साबणाची वडी. शिवाय खोकी, एकतीस. प्रत्येक खोक्यावर भागाचं नाव, नंबर, आणि आत ग्रंथालयातल्या कार्डावर बारीक, सुबक अक्षरात नोंद.

आज मात्र सगळं कसं झकास लावलेलं होतं. खोकी उंचीप्रमाणे. डबे एका बाजूला. साबण चक्क साबणदाणीत.

आठ दिवसांपूर्वी नवरा मिस्त्रींना बघायला दवाखान्यात गेला असताना सिस्टरने डिकी आवरली होती. वॉर्डातली इमर्जन्सी ट्रॉली ती रोज सकाळी आठला तपासायची. प्रत्येक वस्तूला डबा, डब्याला नाव, नावाला तारीख. ज्याला नाव नाही ते बाहेर. तोच नियम तिने डिकीला लावला. खोकी व्यवस्थित होती. पण खोक्यांच्या मागे तेलाने माखलेल्या फडक्यांची मळकी, चिकट गाठोडी होती. त्यांना ना नाव ना नंबर. तिने ती दोन बोटांनी उचलून पिशवीत टाकली आणि पिशवी कचऱ्याच्या गाडीत. संध्याकाळी नवरा डिकीत डोकावून म्हणाला, "वा! छान दिसतंय." गाठोडी गेल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही, याचा तिला थोडा रागच आला होता.

"हं, कंडेन्सर," नवरा पुटपुटला आणि त्याने खोकं उघडलं. आतून बोटाच्या पेराएवढी, वायर लोंबणारी पत्र्याची नळी निघाली. तिच्यावर गंज होता. सोबत कार्ड: *मृत. चढावर बंद. बदलला.*

"अहो, हा तर जुना आहे."

"जुनाच. खोक्यात जुनाच असतो. नवा फडक्यात."

सिस्टरने खोक्यांच्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "कुठल्या फडक्यात?"

"अगं, नवा भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळला की गंजत नाही. मिस्त्री तसेच देतात. आणि खोक्यावर नंबर असतो ना, दुकानदाराला तो दाखवावा लागतो, नाहीतर तो भलतंच काढून देतो. म्हणून जुना भाग नमुन्यादाखल खोक्यात. ग्रंथालयात पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी आम्ही कार्ड नाही का ठेवायचो? तसंच."

"म्हणजे एकतीस खोक्यांत..."

"मेलेलं सामान. नोंदींसह."

हे तो अभिमानाने म्हणाला. सिस्टरच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी उसळल्या. पहिली: चांगलं सामान चिंधीत आणि मेलेलं खोक्यात ठेवणारा माणूस पृथ्वीवर हा एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. दुसरी गोष्ट तिने तिथेच दाबली.

नवऱ्याने खोक्यांच्या मागे हात घातला. मग डबे काढले. विटा काढल्या. दोरखंड झटकला. साबणदाणीही उघडून पाहिली.

"नाहीत," तो म्हणाला. "एकही नाही."

सिस्टर गोदामाच्या शटरवरची पाटी वाचू लागली.

"मी आणलेच नसतील," तो हळू आवाजात म्हणाला. "मिस्त्रींकडेच राहिले असतील. पण मी घेतल्यासारखं आठवतंय गं. हातात जड लागलेलं आठवतंय. पण परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तोही टेबलावर ठेवल्याचं मला स्पष्ट आठवत होतं."

गेले चार-पाच महिने हे चाललं होतं. कुलूप लावून तो दोनदा परत जाऊन बघायचा. बोलताना शेजाऱ्याचं नाव अडायचं. एकदा त्याने तिला विचारलंही होतं, "मला विसरायला होतंय का गं?" आणि ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "तुमच्या लक्षात कधी राहत होतं?" तो हसला होता. पण त्यानंतर त्याने खिशात एक वही ठेवायला सुरुवात केली होती.

साडेअकरा झाले.

गप्प राहणं किती सोपं होतं! दीड तास असाच काढायचा. एक वाजला की करार पूर्ण, बाईसाहेब भंगारात, आणि तिला कोणी एका शब्दाने विचारणार नाही. ती रस्त्याच्या कडेने वीस पावलं गेली आणि वीस पावलं परत आली. तिला स्वतःचा राग आला. मग तो राग पुरेना म्हणून तिने तो नवऱ्यावर, मिस्त्रींवर आणि सगळ्यात जास्त गाडीवर काढला. टायरला एक लाथही घातली. अंगठा दुखावला.

परत आली तेव्हा नवरा विटेवर बसून वहीत काही लिहीत होता. तिने वरून वाचलं. *नवे भाग आणले नाहीत. विसरलो.* आणि 'विसरलो'खाली त्याने पट्टीने आखावी तशी सरळ रेघ ओढली होती.

"खोडा ते!" सिस्टर ओरडली.

"काय?"

"खोडा म्हणते ना! काही विसरला नाहीत तुम्ही. मी टाकले."

"काय टाकलंस?"

"ती तुमची बोचकी. कचऱ्यात. आवरताना. वर नाव नाही, तारीख नाही, नुसती घाणेरडी फडकी. मला काय ठाऊक आत नवं सामान आहे? कोण ठेवतं असं? सांगा ना, कोणत्या शहाण्या घरात ठेवतात?"

नवरा विटेवरून उठला. सिस्टर पदर खोचून तयार झाली. चूक आपली असली तरी भांडण आपणच जिंकायचं, अशी तिची जुनी रीत होती.

"सगळी टाकलीस?"

"सगळी. अकरा होती."

"अकरा!" नवऱ्याचा चेहरा असा फुलला की सिस्टर एक पाऊल मागे सरकली. "बरोबर! अकराच! मी मोजून ठेवली होती, अकरा! म्हणजे मी आणली होती! डिकीत ठेवली होती!"

"अहो..."

"म्हणजे मी विसरलो नव्हतो!"

"अहो, मी तुमचं वर्षभराचं सामान कचऱ्यात घातलं. चिडा की जरा!"

"चिडेन," तो वहीतली ओळ खोडत म्हणाला. "नंतर चिडेन. आधी हे नीट खोडू दे."

याच्याशी भांडायचं तरी कसं? सिस्टरने कपाळाला हात लावला. मग तोच हात खाली आणून घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. माझ्या चुकीने गाडी भंगारात गेली तर तो करार नव्हे, लबाडी, असं तिने मनाशी ठरवलं, आणि वॉर्डात राउंडला निघावं तशी ती डिकीपाशी गेली.

"जुने कंडेन्सर एकूण किती आहेत?"

"चार. चार खोक्यांत."

"चारही मेलेले?"

"कार्डं वाचायला लागतील."

"द्या इकडे. केसपेपर वाचायची सवय आहे मला." तिने पहिलं उचललं. "*मृत.* हे झालं. *मृत. वायर तुटली, जोडून पाहिली, उपयोग नाही.* हे पण गेलं. *अर्धमृत.* अर्धमृत म्हणजे?"

"थंडीत चालतो."

"बाहेर ऊन बघा. ठेवा बाजूला." चौथं कार्ड तिने नाकाजवळ धरलं. "*बहुधा चालू. गाडी अडखळत होती म्हणून संशयावरून काढला. पुढे लक्षात आलं की पेट्रोलमध्ये कचरा होता. तरी खात्री नाही.*"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हाच लावा," सिस्टर म्हणाली.

"अगं पण त्याला बारा वर्षं झाली. आणि त्या वेळी तरी माझं निदान बरोबर होतं का? कचरा होता हे खरं, पण कचरा आणि कंडेन्सर दोन्ही असू शकतं ना? शिवाय..."

"दुसरा पेशंट आहे का आपल्याकडे?"

"नाही."

"दुसरं औषध?"

"नाही."

"मग पान्हा उचला."

नवरा वाकला. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, एक स्क्रू सोडवला, गेलेला कंडेन्सर काढला, 'बहुधा चालू' बसवला. काम करताना त्याचे हात कुठेच अडत नव्हते, हे सिस्टरने पाहिलं. बोलतानाच जे काय व्हायचं ते व्हायचं.

"पॉइंट काळे पडलेत," तो म्हणाला. "घासायला हवेत. पॉलिश पेपर होता, पण तो..."

"फडक्यात होता."

"हो."

सिस्टरने पर्समधून नखं घासायची कानस काढून दिली. ती मुलीने वाढदिवसाला दिलेल्या संचातली होती आणि आजवर एकदाही वापरलेली नव्हती. नवऱ्याने ठिणगी पाडणाऱ्या त्या दोन इवल्या टोकांमधून ती हलक्या हाताने फिरवली, रुमालाने पुसली, झाकण लावलं.

"मार सेल्फ."

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक खोकला. तिसऱ्यांदा बाईसाहेब थरथरल्या आणि सुरू झाल्या. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पुढचे सात किलोमीटर, जे प्रत्यक्षात नऊ निघाले, नवरा इंजिनाचा आवाज ऐकत होता आणि सिस्टर नवऱ्याचा चेहरा बघत होती, कारण बिघाड तिथे आधी दिसायचा. तपासणी कार्यालयाच्या फाटकातून ते आत शिरले तेव्हा पहारेकऱ्याच्या हातात साखळी होती. एक वाजायला बारा मिनिटं.

तपासनीस भुकेला दिसत होता. त्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, हॉर्न वाजवायला लावला. डिकी उघडून तो क्षणभर बघतच राहिला.

"एवढं सामान?"

"आपत्कालीन," नवरा म्हणाला.

"बरं. आता इंजिन बंद करा."

नवऱ्याचा हात किल्लीवर अडला. त्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने समोर काचेकडे पाहिलं. त्याने इंजिन बंद केलं.

"चालू करा."

कुर्रर्र. काही नाही. तपासनीसाने घड्याळ पाहिलं. सिस्टरच्या ओठांतून, ती स्वतःच चकित व्हावी असं, "चल गं बाई," निघून गेलं. पुन्हा कुर्रर्र, एक आचका, आणि इंजिन लागलं.

"एरवी व्यवस्थित चालते ना?" तपासनीसाने पेन उघडत विचारलं.

"बहुधा," नवरा सुरू झाला, आणि सिस्टरने त्याच्या पायावर पाय दिला.

"चालते," ती म्हणाली.

शिक्का बसला. दोन वर्षं.

बाहेर पडून त्यांनी गाडी झाडाच्या सावलीत लावली. इंजिन मात्र बंद केलं नाही. दोन वर्षं, सिस्टरच्या मनात आलं. दोन वर्षं मांडीवर बॅग, आणि चकार शब्द काढायचा नाही. पहिला शब्द आत्ताच जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"आता चिडू का?" नवऱ्याने विचारलं.

"चिडा."

त्याने घसा साफ केला. चष्मा पुसला. "तू मला विचारायला हवं होतंस."

"झालं?"

"झालं."

"मोठे आले चिडणारे. आणा तो पेन." तिने डिकीतून आणलेलं एक कोरं कार्ड गुडघ्यावर ठेवलं. "काय काय टाकलंय मी, सांगा. लिहून घेते. आणि नवं सामान आणलं की खोक्यात जाईल. जुनं फडक्यात."

"पण मग दुकानदाराला नमुना..."

"जुनं फडक्यात!"

नवरा बोटं मोजत सांगू लागला. कंडेन्सर. पॉइंटचा जोड. पॉलिश पेपर. रोटर. दोन प्लग, ते एकाच गाठोड्यात. थर्मोस्टॅट. पाण्याच्या पंपाचं सील. सेल्फचे ब्रश. गॅस्केट. कार्ब्युरेटरचे जेट. त्याने दहावं बोट धरलं आणि तो थांबला.

"अकरावं," तो म्हणाला. मग पुन्हा, "अकरावं..." त्याचा हात खिशातल्या वहीकडे गेला.

सिस्टरने कार्डावरून मान वर केली नाही. डोळे मिटून तिने ती पिशवी पुन्हा भरली, दोन बोटांनी, एकेक गाठोडं. "एक जड होतं," ती म्हणाली. "मुठीएवढं. एका बाजूने दांडीसारखं काहीतरी बाहेर आलेलं. माझ्या बांगडीत अडकलं होतं ते."

"पेट्रोल पंप!"

"हं, पेट्रोल पंप," सिस्टर म्हणाली, आणि तिने अकरा आकडा घालून ते लिहिलं. "चला आता. उगाच पेट्रोल जाळू नका."